सहा वाजले, कोमाय आली

आधी ते जाकीट काढा. सप्टेंबर महिना आहे, साल 2005, गाव बायामोन, बेट पोर्तो रिको. दुपारी सडकून पाऊस पडून गेलाय आणि आता डांबरातून वाफ निघतेय. आपली ऑक्टोबर हीट घ्या, तिच्यात कोकणातली दमट हवा कालवा, म्हणजे इथल्या संध्याकाळचा अंदाज येईल. सदरा पाठीला चिकटलाय. कपाळावरचा घाम पुसायच्या भानगडीत पडू नका, लगेच दुसरा येतो.

हमरस्त्याकडून हॉर्नचा गलका ऐकू येतोय. ट्रॅफिक जॅमला इथे 'तापोन' म्हणतात, म्हणजे चक्क बूच. सान हुआनहून घरी निघालेली माणसं त्या बुचात अडकली आहेत. खिडक्या खाली, कोपर बाहेर, आणि दर तिसऱ्या गाडीतून डॅडी यँकीचं 'गासोलिना' अशा दणक्यात वाजतंय की तुमच्या छातीचा पिंजरा हलतो. पावणेसहा झालेत. प्रत्येकाला सहाच्या आत घर गाठायचंय. कशासाठी, ते आता दिसेलच.

या गल्लीत वळा. दोन्ही बाजूंना सपाट छपरांची बैठी सिमेंटची घरं, रंग मात्र लिंबू, पिस्ता, गुलाबी. प्रत्येक घरापुढे गाडी ठेवायचा पडवीसारखा आडोसा, त्याला पांढऱ्या लोखंडी जाळीचं दार. खिडक्यांना काचा नाहीत, ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या आहेत. त्या पट्ट्या विसरू नका, थोड्या वेळाने त्यांचं काम पडणार आहे.

तिसऱ्या घराचं जाळीचं दार उघडंच आहे. आत एक आजी आहे. गल्लीत तिला सगळे 'दोन्या' म्हणतात, आपण 'काकू' म्हणतो तसं. तुम्ही कोण, कुठले, हे ती विचारत नाही. "ये बाळा, बस, सुरू होईल आता," एवढंच म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते. सोफ्यावर बसा. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आहे, मांड्या चिकटतील. उठताना चर्रकन आवाज होईल, पण इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही. कोपऱ्यातला उभा पंखा मान फिरवतोय. तो तुमच्याकडे बघतो तेवढीच घटका सुखाची.

आता वास घ्या. लाकडी खलबत्त्यात लसूण कुटला जातोय. कढईत शेंद्रीच्या बियांचं केशरी तेल तापलंय, त्यात कांदा पडला, पाठोपाठ बुटक्या मिरच्या. दिसायला त्या जहाल, पण चवीला तिखट अजिबात नाहीत. मग पडली रेकाओची चिरलेली पानं. रेकाओ म्हणजे आपल्या कोथिंबिरीची थोरली, दांडगट बहीण. या सगळ्याला म्हणतात सोफ्रितो, आणि पोर्तो रिकोतलं जवळजवळ प्रत्येक जेवण इथूनच सुरू होतं. शेजारच्या घरातूनही हाच वास येतोय आणि त्याच्या शेजारूनही. अख्खी गल्ली एकाच फोडणीत न्हाऊन निघालीय.

दोन्या हिरवी कच्ची केळी सोलतेय. दोन बोटं जाडीचे तुकडे करून तिने ते तेलात सोडले. अर्धे तळून झाले की बाहेर काढायचे, लाकडी चापात धरून दाबायचे, लसूण घातलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा तळायचे, म्हणजे झाले तोस्तोनेस. पहिलं तळण सहाच्या आत उरकायचं आणि दुसरं जाहिरातींच्या वेळात, हा तिचा शिरस्ता. चॅनल चार लावलेलंच आहे.

"सुरू झालं!" कुठल्यातरी घरातून पोरगं ओरडतं.

आणि पडद्यावर ती येते. माणसाएवढी बाहुली, रंगवलेला भला मोठा चेहरा, नटूनथटून. ही 'ला कोमाय'. कार्यक्रमाचं नाव 'सुपरएक्सक्लुसिव्हो', वाहिनी वापा. तिचा स्टुडिओ इथून जवळच, पलीकडच्या ग्वायनाबो गावात. शेजारी बसलेत हेक्तोर त्राविएसो, हाडामांसाचे गृहस्थ. ते डोळे विस्फारतात, मान हलवतात, मधूनच तेल ओततात. बाहुली नाचवणारा आणि तिच्या तोंडून बाईच्या आवाजात बोलणारा माणूस म्हणजे कोबो सांतारोसा. तो कुठेच दिसत नाही. दोन्याला नाव विचारलंत तर ती ते सांगेल, पण टीव्हीकडे बोट दाखवून "कोबो असं म्हणाला" असं ती चुकूनही म्हणणार नाही. ती म्हणते, "कोमाय म्हणाली."

या शब्दाकडे जरा लक्ष द्या. बाळाच्या बाप्तिस्म्याला जी बाई धर्ममाता होते, ती आणि बाळाची आई एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात. बोलता बोलता त्याचं झालं 'कोमाय'. आपल्याकडच्या विहीणबाईंसारखं, मुलांमुळे जुळलेलं नातं, फक्त मानापमान वजा आणि जिव्हाळा दुप्पट. कुंपणावरून वाटीभर साखर मागते ती कोमाय. नवऱ्याशी बिनसलं की जिच्या ओट्यावर जाऊन रडता येतं, तीही कोमाय. कोबोने बाहुलीला दुसरं कुठलंही नाव दिलं असतं, तर ती एवढ्या घरांत इतक्या सहज शिरली असती असं मला वाटत नाही.

बाहुली पुढे झुकते आणि आवाज खाली आणते. दोन्याही आपसूक पुढे झुकते. तुम्हीही झुकलात, बघा! कुणा गायकाचा संसार मोडतोय, कुठल्या सौंदर्यराणीला कुणाबरोबर पाहिलं, कुठल्या सिनेटरच्या घरी कसलं बिल भरलं गेलं. कागदं नाचवली जातात, फोटो मोठे करून दाखवले जातात. मधूनच आरोळी उठते, "के बोचिंचे!" बोचिंचे म्हणजे चहाडी, कुचाळकी, नळावरच्या गप्पा, सगळं एकात. आणि प्रत्येक सनसनाटी वाक्याला एक शेपूट असतं, 'आलेगादामेन्ते'. वकिली भाषेत त्याचा अर्थ 'कथितरीत्या'. पण तिच्या तोंडून तो शब्द ऐका. ओठाच्या कोपऱ्यातून, किंचित लांबवून. त्याला मराठीत अचूक शब्द आहे आणि तो तुम्ही आज सकाळीच वापरला असेल. 'म्हणे.' घर विकलं म्हणे. दोघं वेगळे राहतात म्हणे. बोलणारा मोकळा, ऐकणारा खूश.

अर्धवटराव आठवला ना? रामदास पाध्यांच्या हातातला तो बाहुला समोरच्या कुणाचीही खोडी काढायचा आणि ज्याची काढली तोच सगळ्यात मोठ्याने हसायचा. बाहुल्याचा राग कसा धरायचा? पण तिथे पाध्ये शेजारीच असायचे, अर्धवटरावाला दटावायचे, आपल्या वतीने ओशाळायचे. इथे दटावणारं कुणी नाही.

जाहिराती लागल्या. दोन्या टुणकन उठली. चापात केळं दाबल्याचा पचकन आवाज, मग तेलाचा सणसणाट. तुम्ही एक गंमत करून या. कार्यक्रम पुन्हा सुरू होईल तेव्हा बाहेर पडा आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा. खिडक्यांच्या त्या पट्ट्या सगळ्या उघड्या आहेत. पिस्ता घरातून वाक्य सुरू होतं, लिंबू घराशी त्याचा मध्य येतो, गुलाबी घरापाशी ते संपतं. एक शब्द चुकत नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानासमोर चार म्हातारे डॉमिनो खेळताहेत. असल्या बायकी गोष्टी आपण बघत नाही, असं चौघंही सांगतील. पण सोंगटी आपटण्याचा आवाज थांबलाय, आणि एकाने ती हवेतच धरून ठेवलीय. बर्फातल्या बिअरच्या बाटलीवरून थेंब ओघळतोय. दुकानाच्या फळीवर छोटा टीव्ही आहे.

सूर्य बुडाला. आणि एकदम, कुणी बटण दाबल्यासारखे, कोकी ओरडायला लागले. इवलेसे बेडूक, पण आवाज शिट्टीसारखा. को-की, को-की, कुंड्यांतून, गटाराच्या कडेने, दोन्याच्या केळीच्या खोडाआडून. बाहुलीचा आवाज आणि बेडकांचा आवाज एकमेकांत मिसळलाय.

परत येऊन बसा. तोस्तोनेस आले, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, बोटं पोळवणारे. दोन्याची नात दारातून डोकावते, मित्राच्या मोटारसायकलवर बसून निघालीय. दोन्या डोळे पडद्यावरून न हलवता म्हणते, "नीट जा, नाहीतर कोमायमध्ये दिसशील." सगळे हसतात. नातही हसते, पण केसांवर ओढणीसारखा टॉवेल घेऊन, गल्लीत दोन्हीकडे बघून मगच बसते.

मग पडद्यावर एक वेगळी बातमी येते. गायकाची नाही, सिनेटरची नाही. साध्या घरातली, मरणाची. बाहुलीचा चेहरा तोच, रंगवलेला, तसाच. रंगवलेल्या चेहऱ्यावर दुसरं काय येणार? दोन्या रिमोट उचलते आणि आवाज दोन घरं खाली आणते. बंद करत नाही. पलीकडच्या खिडकीतूनही आवाज उतरलेला ऐकू येतो. त्या घरातली बाई कधीतरी अशाच एका दुःखातून गेलीय, एवढंच दोन्या सांगते आणि ताटलीतला शेवटचा तोस्तोन तुमच्याकडे सरकवते.

मला विचाराल तर त्या संध्याकाळची खरी गोष्ट त्या रिमोटमध्ये आहे. कुंपणावरची कोमाय समोरचीचे डोळे भरून आले की थांबते, विषय बदलते, पाणी आणून देते. पडद्यावरच्या कोमायला समोरचे डोळे दिसतच नव्हते.

थोडं पुढे सरका. डिसेंबर 2012. तीच गल्ली, टीव्ही आता सपाट झालेत. एका तरुणाचा निर्घृण खून झालाय आणि बेट हादरलंय. बाहुली बोलते, आणि बोलण्याचा रोख असा, की तो तसल्या रस्त्यावर गेलाच कशाला, त्याने स्वतःच तर ओढवून घेतलं नाही ना. या वेळी 'म्हणे' पुरत नाही. रोज सहाला झुकणारी माणसंच ताठ बसतात. फेसबुकवर बहिष्काराची हाक उठते, हजारो लोक जोडले जातात, बड्या कंपन्या एकेक करून जाहिराती काढून घेतात. जानेवारी 2013 मध्ये 'सुपरएक्सक्लुसिव्हो' बंद होतं. बाहुली पुढे 2019 मध्ये दुसऱ्या वाहिनीवर परतली, पण तुम्ही आत्ता त्या जानेवारीतच थांबा.

सहा वाजलेत. दिवस मावळायला आलाय, कोकी ओरडू लागलेत. हवा कोमट आहे, पंखा बंद आहे. गल्लीतून चालत जा. पिस्ता घरातून भांड्यांचा आवाज, लिंबू घरातून कुणाचं तरी खोकणं. डॉमिनोच्या सोंगट्या न अडखळता पडताहेत. दोन्या थकलीय, पण खलबत्ता चालू आहे. कढईत केळं पडलं. इथून पुढे दोन्ही तळणं एकापाठोपाठच होणार, मध्ये थांबायचं कारण उरलं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या जाळीमागून हाक येते, "कोमाय! ओ कोमाय!"

दोन्या झारा हातात घेऊनच कुंपणाशी जाते. दोघी डोकं जवळ आणतात. तुम्हाला ऐकू येत नाही. पाठीमागे तेल तापतंय, तुम्ही उठून गॅस बारीक करा.