गिअरच्या बिघाडाची बदलती जागा

मोटारसायकलीचा गिअर हा मुळात चढाने जन्माला घातलेला भाग आहे. पेट्रोलच्या इंजिनाला आपला जोर फेऱ्यांच्या ठरावीक टप्प्यातच दाखवता येतो; त्या टप्प्याच्या खाली फेऱ्या गेल्या की ते धापा टाकते आणि बंद पडते. म्हणून इंजिनाच्या फेऱ्या आणि चाकाच्या फेऱ्या यांचे प्रमाण रस्त्यानुसार बदलणारी योजना आवश्यक ठरते आणि या योजनेलाच गिअर असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक मोटारसायकलींना ही योजनाच नव्हती. इंजिनावरून निघालेला एक चामडी पट्टा थेट मागच्या चाकाला फिरवीत असे, चढ लागला की स्वाराला सायकलीसारखे पायडल मारावे लागे किंवा उतरून गाडीबरोबर पळावे लागे, आणि पावसात भिजलेला पट्टा पुलीवरून घसरू लागला की सपाट रस्त्यावरही तीच गत होई. गिअर नव्हता, तेव्हा त्याचा बिघाडही नव्हता. सगळी अडचण पट्ट्यात साठलेली होती.

हे चित्र बदलण्यात आइल ऑफ मॅन बेटावरील टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीचा वाटा मोठा आहे. 1911 साली ही शर्यत स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या सुमारे 60 किलोमीटरच्या वळसेदार मार्गावर नेण्यात आली आणि त्या चढणीपुढे एकाच प्रमाणावर चालणाऱ्या गाड्यांचा निभाव लागणे अवघड झाले. त्या वर्षी मोठ्या गटातील पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकेच्या इंडियन कंपनीच्या गाड्यांनी पटकावले, आणि त्या गाड्यांना दोन गिअरची पेटी व पट्ट्याऐवजी साखळी होती. पट्ट्याचे समर्थक मात्र लगेच मागे हटले नाहीत. रज कंपनीच्या ‘मल्टी’ या गाडीत हाताच्या लिव्हरने पुलीची रुंदी कमीजास्त करून पट्ट्यावरच अनेक प्रमाणे मिळवण्याची सोय होती, आणि 1914 साली याच गाडीने मोठ्या गटाची शर्यत जिंकली. तरीही पुढील काळ साखळीचा आणि बंद गिअरपेटीचाच ठरला, कारण चिखल आणि पाणी यांच्याशी उघड्या पट्ट्याचे कधीच जमले नाही.

बंद पेटीत दातेरी चाकांच्या जोड्या सतत एकमेकींत गुंतून फिरत असतात, परंतु एका वेळी त्यांपैकी एकच जोडी शाफ्टला जखडलेली असते. ही जखडण चाकाच्या बाजूला असलेल्या ठोकळ्यासारख्या दातांनी होते, जे शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात आणि ज्यांना यंत्रशास्त्रात ‘डॉग’ म्हणतात. चाक आडवे सरकवणाऱ्या दुबेळक्याला फोर्क म्हणतात. आरंभीच्या बहुतेक गाड्यांत हा फोर्क हलवण्यासाठी पेट्रोलच्या टाकीशेजारी एक उभा लिव्हर असे, आणि गिअर टाकण्यासाठी स्वाराला हँडलवरचा एक हात सोडावा लागे. पक्क्या रस्त्यावर ते खपून जाई. दगडगोट्यांच्या ओढ्यातून जाताना, पुढचे चाक प्रत्येक क्षणी वेगळ्या दिशेला वळू पाहत असताना, हात सोडणे म्हणजे पडणेच होते.

ही अडचण फार लवकर ओळखणाऱ्यांत यॉर्कशायरचे अल्फ्रेड अँगस स्कॉट यांचे नाव घ्यावे लागते. 1908 पासून बाजारात आलेल्या त्यांच्या दोन गिअरच्या गाडीत वेगवेगळ्या प्रमाणाच्या दोन साखळ्या होत्या आणि पायाने पुढेमागे झुकणाऱ्या पायडलने त्यांपैकी हवी ती जोडली जाई. 1914 साली त्यांनी आपल्या कारखान्यातील कामगारांना माळरान, ओढे आणि खडक यांतून गाडी नेण्याचे आव्हान दिले, आणि त्यातूनच आजही चालू असलेली ‘स्कॉट ट्रायल’ उभी राहिली. तथापि तीन-चार गिअरच्या पेट्या रूढ झाल्यावर पायाची युक्ती मागे पडली. दोन टोकांपैकी एक निवडणे पायाला जमते; पण चार जागांमधली नेमकी तिसरी शोधणे जाड बुटातल्या पायाला जमत नाही.

या कोड्याचे उत्तर 1928 च्या सुमारास व्हेलोसेट कंपनीच्या हॅरल्ड विलिस यांनी दिले. त्यांच्या रचनेत लिव्हर आणि गिअरपेटी यांच्यामध्ये एक खटक्याची यंत्रणा बसवली गेली, जिच्यामुळे लिव्हर एकदा दाबला किंवा उचलला की गिअर एकच घर पुढे किंवा मागे जातो, आणि पाय काढताच स्प्रिंगच्या ताणाने लिव्हर मधल्या जागी परत येतो. स्वाराला जागा शोधावी लागत नाही, केवळ दिशा सांगावी लागते. आजच्या जवळजवळ प्रत्येक मोटारसायकलीत हेच तत्त्व आहे. मात्र या सोयीबरोबर बिघाडाचे स्थलांतरही झाले: हाताच्या लिव्हरचा दोष डोळ्यांना दिसत असे, खटक्याची स्प्रिंग मात्र झाकणाआड तुटू लागली, आणि एकदा पडलेला गिअर पुन्हा का पडत नाही याचे उत्तर बाहेरून मिळेनासे झाले.

पायाने गिअर टाकायचा हे ठरल्यावरही कोणत्या पायाने, हा प्रश्न अर्धशतक तसाच राहिला. ब्रिटिश गाड्यांत गिअर उजवीकडे, तर जपानी गाड्यांत तो डावीकडे असे. अखेर अमेरिकेने 1 सप्टेंबर 1974 पासून तयार होणाऱ्या गाड्यांसाठी गिअर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी असण्याचा नियम लागू केला. नॉर्टनसारख्या कंपन्यांना मग उजवीकडचा गिअर आडव्या दांड्याने डावीकडे आणावा लागला, आणि सांध्यांची भर पडली की ढिलेपणाचीही भर पडते.

भारतात हा इतिहास ‘बुलेट’ या गाडीच्या रूपाने जिवंत राहिला. 1948 साली इटलीतील सान रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय खडतर स्पर्धेत उतरलेली ही गाडी 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागली, आणि तिचा उजव्या पायाचा, पहिला वर व उरलेले तीन खाली असा गिअर अनेक दशके टिकला. तिच्या पेटीवर टाचेने दाबायचा एक लहान जादा लिव्हरही असे, जो वरच्या गिअरमधून थेट न्यूट्रल, म्हणजे कोणतीच जोडी जखडलेली नसलेली स्थिती, मिळवून देई. आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरने मात्र गिअर डाव्या मुठीतच ठेवला, आणि म्हणून महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत गिअरचा बिघाड म्हणजे तुटलेली किंवा सैल झालेली वायर, असेच समीकरण रूढ झाले.

खडतर वाटेवरच्या गाडीची दुरुस्ती या पार्श्वभूमीवर पाहिली की तिच्या क्रमाचा अर्थ लागतो. प्रथम लिव्हर पाहिला जातो: दगडावर आपटून तो इंजिनाच्या कव्हरला टेकला आहे काय, त्याच्यामागे चिखल वाळून बसला आहे काय, शाफ्टवरच्या बारीक खाचा झिजून तो फिरतो आहे काय. या आपटण्यावर उपाय म्हणूनच अशा गाड्यांच्या लिव्हरचे टोक स्प्रिंगवर दुमडणारे केले जाते. त्यानंतर क्लच, म्हणजे इंजिनाची शक्ती गिअरपेटीपासून क्षणभर तोडणाऱ्या प्लेटा, तपासला जातो. इंजिन बंद असताना मागचे चाक हलवत हलवत सर्व गिअर सहज पडत असतील आणि इंजिन चालू होताच अडत असतील, तर बहुधा दोष गिअरचा नसून पूर्ण न सुटणाऱ्या क्लचचा असतो, आणि तो अनेकदा केबलचा ढिलेपणा काढताच दूर होतो. लिव्हर पायाखालून परत येत नसेल तर खटक्याची स्प्रिंग पाहावी लागते, आणि त्यासाठी बहुधा बाजूचे कव्हर उघडणे पुरते. जोर लावताच गिअर सुटत असेल तरच संशय डॉगच्या झिजून गोल झालेल्या कडांवर किंवा वाकलेल्या फोर्कवर येतो. तेव्हा मात्र इंजिन दुभागण्यावाचून इलाज नसतो. चढावर लिव्हरवर पाय टेकवून ठेवण्याची सवय या फोर्कला विशेष घातक असते, कारण त्या सततच्या दाबाने त्याची टोके फिरत्या चाकाच्या खोबणीत घासत राहतात.

बाहेरून आत जाणारा हा क्रम स्थूलमानाने इतिहासाच्या उलट दिशेने चालतो. दुमडणाऱ्या टोकापासून विलिस यांच्या खटक्यापर्यंत आणि तेथून पहिल्या बंद पेट्यांतल्या डॉगपर्यंत जसजसे खोल जावे तसतसा भाग जुना होत जातो, आणि दुरुस्तीचा खर्चही वाढत जातो. प्रत्येक पिढीने आदल्या पिढीची अडचण सोडवताना तिच्यावर नव्या सोयीचा एक थर चढवला. चिखल आणि दगड प्रथम या सर्वांत बाहेरच्या थरालाच भिडतात, आणि म्हणून जाणता कारागीर इंजिन उघडण्याआधी लिव्हरमागचा चिखल खरवडून पाहतो.