साथीचे दिवस आणि मुलांचें वाचन

रोगाची साथ येऊन गेली म्हणजे किती माणसें दगावलीं याची नोंद सरकारी दप्तरांत राहते. परंतु त्याच दिवसांत किती मुलांची शाळा सुटली, किती मुलें पुस्तकापासून दुरावलीं, आणि किती मुलें उलट त्याच सक्तीच्या विश्रांतींत वाचूं लागलीं, याची नोंद कोणतेंच दप्तर ठेवीत नाहीं. ती शोधावयाची तर जुनीं मासिकें, थोरांचीं चरित्रें आणि आपल्याच घरांतील आठवणी चाळाव्या लागतात. आज हाच विषय मीं बोलावयास घेतला आहे. माझें आयुष्य मुलांस शिकविण्यांत गेलें आणि वास्तव्य पनवेलास आहे, तेव्हां उदाहरणें देतांना मी याच परिसराकडे वरचेवर वळेन.

पनवेल हें पूर्वींपासून बंदराचें आणि वाटेवरचें गांव. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी जाऊं लागली. त्यापूर्वीं मुंबईचा उतारू होडींतून पनवेलास उतरे व तेथून घाट चढून पुण्याकडे जाई. १८५२ सालींच येथें नगरपालिका स्थापन झाली, यावरून या गांवाच्या राबत्याची कल्पना येईल. ज्या गांवावरून सारें जग येतें जातें, त्या गांवास व्यापाराबरोबर साथीचेंही भय अधिक असतें.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. पुढील चार-पांच महिन्यांत मुंबईची माणसें मिळेल त्या वाहनानें कोंकणांत व देशावर आपापल्या गांवीं पळालीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. याच कायद्याचा आधार मार्च २०२० मध्यें, म्हणजे सुमारें सव्वाशे वर्षांनीं, महाराष्ट्र शासनानें पुन्हा घेतला. प्लेग एकदां येऊन थांबला नाहीं. पुढें वीस-पंचवीस वर्षें तो फिरून फिरून येत राहिला. उंदीर पडूं लागले कीं गांव मोकळें करावें, माळावर झोपड्या घालून राहावें, आणि शाळेस कुलूप लागावें, असा क्रमच होऊन गेला. मुलींसाठीं १८४८ सालीं पुण्यास शाळा चालविणाऱ्या सावित्रीबाई फुले याच प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतांना १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. महाराष्ट्रांतील शिक्षणाच्या इतिहासास साथीच्या रोगाचा असा घाव बसलेला आहे.

झोपडींत राहणाऱ्या त्या मुलांस वाचावयास काय होतें? फारसें नव्हतें. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं 'बालमित्र' हें पुस्तक मराठींत आणलें, तेव्हां मुलांसाठीं म्हणून पुस्तक असूं शकतें ही कल्पना आपल्याकडे नवी होती. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं 'बालबोध' मासिक काढलें व १९१४ सालीं निधन होईपर्यंत चालविलें. प्लेगचीं अत्यंत वाईट वर्षें याच काळांत येतात. एखादें चरित्र, एखादी कविता, एखादा निबंध, थोडी शास्त्रीय माहिती असा त्या अंकांचा बेत असे. परीक्षेसाठीं नव्हे, तर गोडीसाठीं वाचावें असें मुलांस महिन्याच्या महिन्याला सांगणारे हे गृहस्थ होते. तथापि असें मासिक किती घरांत पोंचत असेल? पुष्कळ घरांत ग्रंथ म्हणजे पोथीच. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' या श्रीधरस्वामींच्या पोथ्या चातुर्मासांत घरोघर लागत. ज्या घरांत वडीलधाऱ्यांची दृष्टि मंदावलेली असे, तेथें पोथी वाचण्याचें काम नातवाकडे येई. ओव्या ऐकून ऐकून मुलाच्या कानांत बसलेल्या असत. अक्षरांची ओळख मागाहून होई. कान आधीं तयार झालेले असल्यामुळें डोळ्यांस फार कष्ट पडत नसत. शिवाय आपण वाचलें नाहीं तर आजीची कथा अडेल, ही जाणीव मुलाच्या मनांत असे. वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलास यापेक्षां चांगला उपाय शिक्षणशास्त्रानेंही सुचविलेला माझ्या पाहण्यांत नाहीं.

साथीमुळें शाळा मोडलेल्या विद्यार्थ्यांमध्यें सर्वांस परिचित असें नांव साने गुरुजींचें. दापोली तालुक्यांतील पालगड हें त्यांचें गांव. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. घरची गरिबी होती, म्हणून ते शिक्षणासाठीं औंध संस्थानांत गेले. तेथें अन्नाचे हाल सोसून शिकत असतां प्लेग आला आणि विद्यार्थ्यांस घरीं परत धाडण्यांत आलें. मुलगा पालगडास आला. एके रात्रीं आईवडिलांचें बोलणें त्याच्या कानीं पडलें. हा खरोखर शिकतो आहे ना, अशी शंका वडिलांनीं बोलून दाखविली होती. तें त्याच्या मनास इतकें लागलें कीं तो तडक पुण्यास निघून गेला व नूतन मराठी विद्यालयांत दाखल झाला. १९१८ सालीं त्याचें शालेय शिक्षण पुरें झालें.

या प्रसंगाकडे आईबापांनीं नीट पाहावें असें मला वाटतें. शाळा बंद असली म्हणजे घरांत बसलेलें मूल आळशी दिसूं लागतें. साथीमुळें त्याचा दिनक्रम मोडलेला असतो, मित्र तुटलेले असतात, मोठ्यांचीं भेदरलेलीं तोंडें तें रोज पाहत असतें. परंतु आपल्या नजरेस मात्र त्याचें न उघडलेलें पुस्तकच तेवढें पडतें. पांडुरंग साने मुळांतच जिद्दीचा, म्हणून त्या शंकेनें तो पेटून उठला. दहांतलीं नऊ मुलें अशा शंकेनें मिटतात. १६६५ सालीं प्लेगमुळें केंब्रिजचें विद्यापीठ बंद पडलें असतां न्यूटननें घरीं बसून केवढे शोध लावले, हें उदाहरण २०२० सालीं पुष्कळ घरांतून मुलांस ऐकविण्यांत आलें. न्यूटन तेव्हां बाविशींतला पदवीधर होता. आठ वर्षांच्या मुलापुढें त्याचा दाखला ठेवण्यांत कांहीं स्वारस्य नाहीं.

साने गुरुजींची शाळा संपली त्याच १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ आली. महायुद्धाच्या वाहतुकीबरोबर ती मुंबईस उतरली. पावसाळ्याच्या अखेरीस दुसरी लाट आली, आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसांत मुंबईंत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. साऱ्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. ही साथ प्लेगप्रमाणें वर्षानुवर्षें रेंगाळली नाहीं. घाव घातला आणि निघून गेली. मुलांच्या हातीं तोंवर वासुदेव गोविंद आपटे यांचें 'आनंद' मासिक आलेलें होतें. तें १९०६ सालीं निघालें. 'बालबोधा'च्या गंभीर चालीपेक्षां त्याचा सूर अधिक खेळकर होता.

आतां आपल्या या नभोवाणीच्या संबंधानें एक गोष्ट सांगतों. १९३७ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील शिकागो शहरांत बालपक्षाघाताची साथ आली व शाळा उघडणें लांबणीवर पडलें. तेव्हां तेथील शिक्षणखात्यानें तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांस नभोवाणीवरून पाठ दिले. पाठ पंधरा मिनिटांचा. वेळापत्रक व प्रश्न वर्तमानपत्रांत छापून येत. पालकांच्या शंकांसाठीं दूरध्वनीची व्यवस्था होती. प्रयोग मोठा नामी होता. परंतु जीं मुलें अभ्यासांत मागें असतात, त्यांसच त्याचा लाभ कमी होतो, अशी तक्रारही तेव्हांच पुढें आली. निवेदकाचा वेग सर्वांस सारखा असतो. मागें पडलेल्या मुलाकडे वळून पाहणारें कोणी तेथें नसतें.

हीच अडचण ८३ वर्षांनीं आपल्यापुढें उभी राहिली. मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या; २५ मार्चपासून देशभर संचारबंदी आली. त्या वर्षीं २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं सुरू झाली. नागपूर आकाशवाणीनें 'शाळेबाहेरची शाळा' चालविली. भ्रमणध्वनीवर वर्ग भरले. प्रयत्नांत कसूर झाली नाहीं. परंतु ग्रंथालयें त्या वर्षीं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतीं, आणि लहान वर्गांच्या शाळा नीट भरावयास २०२२ साल उजाडलें. २०२२ च्या 'असर' पाहणींत देशांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचूं शकणारीं मुलें शेंकडा सुमारें २० आढळलीं. २०१८ सालीं तें प्रमाण सुमारें २७ होतें. ज्या मुलांनीं या काळांत पहिली-दुसरी घरीं बसून काढली, त्यांची हानि या आंकड्यांत दिसते.

तरीही त्याच काळांत वाचूं लागलेलीं मुलें मीं पनवेलांत पाहिलीं. त्यांपैकीं एकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. आमच्या शेजारच्या इमारतींत आठ वर्षांचा एक मुलगा होता. पुस्तक दिसलें कीं त्याच्या पोटांत दुखे. त्याची आई एके दिवशीं दारांत लांब उभी राहून मला म्हणाली, "मास्तर, याला तुम्हींच कांहीं सांगा. धडा वाच म्हटलें कीं रडतो." मीं त्याला काय आवडतें तें विचारलें. आगगाडी, असें उत्तर आलें; आणि त्या दिवसांत पनवेलचीं प्रवासी गाड्यांनीं गजबजणारीं फलाटें ओस पडलीं होतीं. मीं एका जुन्या वेळापत्रकाचें पान त्याच्याकडे पाठविलें व निरोप दिला, कीं गाड्या बंद आहेत तोंवर रोज संध्याकाळीं गच्चीवरून तूंच आम्हांस स्थानकांचीं नांवें पुकारून सांग. पहिल्या दिवशीं सोमाटणें आणि रसायनी झालें. मग आपटा, जिते, हमरापूर, पेण. आठवड्याभरांत कासू, नागोठणें, निडी करीत गाडी रोह्यास पोंचली. समोरच्या गच्च्यांवरचे म्हातारे "पुढचें स्टेशन कोणतें रे?" म्हणून विचारूं लागले. त्या वाटेवरचीं स्थानकें संपलीं तेव्हां त्यानें आपण होऊन विचारलें, "आजोबा, या गांवांत काय काय आहे?" मग कर्नाळ्याचा किल्ला आला, पनवेलजवळच्या शिरढोणास १८४५ सालीं जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचें लहानसें चरित्र आलें. तें त्यानें चार दिवसांत वाचलें. त्याच्या आजीनें शेजारीं बसून ऐकलें. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक महाजालावर विनामूल्य मिळतात. त्याच्या वडिलांनीं ते काढून दिले. आज तो मोठा वाचक झाला आहे असा माझा दावा नाहीं. पुस्तक पाहून तो रडत नाहीं, एवढें मात्र खरें.

या मुलाच्या बाबतींत जें घडलें तें पोथी वाचणाऱ्या नातवाच्या बाबतींत घडत होतें त्याहून निराळें नाहीं. ऐकणारें कोणी होतें. वाचणाऱ्याची कोणाला तरी गरज होती. विषय मुलाच्या आवडीचा होता. आणि शेवटीं प्रश्न विचारून गुण देणारें कोणी नव्हतें. प्लेगच्या झोपडींत पुस्तकें थोडीं होतीं, परंतु ऐकणारीं माणसें पुष्कळ होतीं. २०२० च्या घरांत पुस्तकें मिळण्यासारखीं होतीं, परंतु जो तो आपल्या पडद्यापुढें बसलेला होता. उणीव होती ती श्रोत्यांची.

आणखी एक उपाय साने गुरुजींच्याच पुस्तकांत सांपडतो. 'श्यामची आई' त्यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहावयास घेतली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. तिचीं प्रकरणें नाहींत, रात्री आहेत; अशा ४२ रात्री. एका रात्रीं एक कथा सांगावयाची व थांबावयाचें, अशी त्या पुस्तकाची रचनाच आहे. २०२० ची पहिली टाळेबंदी एकदां वाढून ३ मेपर्यंत, म्हणजे ४० दिवस चालली. ज्या घरांनीं त्या दिवसांत रोज एक रात्र मोठ्यानें वाचली, त्यांचें पुस्तक टाळेबंदीबरोबरच संपत आलें असेल. अर्थात् पुस्तक हेंच हवें असा माझा आग्रह नाहीं. एक बैठक, एक कथा, आणि गोडी असतांना थांबणें, हें त्यांतलें मर्म होय.

पालकांस माझी एवढीच विनंती आहे. मुलानें काय वाचावें याची यादी करण्यापूर्वीं, तें वाचील तेव्हां ऐकावयास कोण बसणार, हें घरांत ठरवावें. ज्यांचीं मुलें त्या दोन वर्षांत मागें राहिलीं, त्यांनीं त्यांस दोष देऊं नये. तीं आतां मोठ्या वर्गांत आहेत, आणि अडखळत वाचण्याची त्यांस लाज वाटते. त्यांच्यापुढें दुसरीचें पुस्तक ठेवण्यापेक्षां घरांतील धाकट्या भावंडास गोष्ट वाचून दाखविण्याचें काम त्यांच्याकडे सोंपवावें. लहान पुस्तक वाचण्याची लाज मग राहत नाहीं, आणि दोघांचेंही वाचन होतें. यास खर्च नाहीं. संध्याकाळचा अर्धा तास मात्र द्यावा लागतो.