पुण्याच्या बागा आणि पुण्याची गाऱ्हाणी

तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, मोतीबाग, विश्रामबाग, हिराबाग अशी नावे पुणे शहरात पावलोपावली भेटतात; परंतु या नावांच्या भरवशावर एखाद्या नवख्या माणसाने झाडांची सावली शोधू म्हटले, तर त्याच्या वाट्यास बहुधा एखादे देवालय, शाळा किंवा बाजारच येतो. खासगीवाल्यांच्या बागेच्या जागेवर नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ च्या सुमारास राममंदिराचे काम सुरू केले आणि तुळशीबागेची बाग सरली. रमणबागेत पुढे शाळा भरू लागली. बेलबागेत विष्णूचे मंदिर तेवढे उरले. झाडे गेली, तरी या शहराच्या सार्वजनिक जीवनाचा फार मोठा भाग या बागांच्या आणि शहराभोवतीच्या मळ्यांच्या आश्रयाने वाढला, सरकारदरबारच्या कारभाराविषयी चारचौघांत बसून तक्रार करण्याची आणि तक्रार करूनही एकमेकांना धरून राहण्याची विद्या पुणेकर येथेच शिकला, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्यास बांध घालून पर्वतीच्या पायथ्याशी सुमारे पंचवीस एकरांचे तळे केले, त्याच्या मध्यभागी बेट राखले आणि त्या बेटावर बाग उठविली, तीच सारसबाग. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७८४ साली, तेथे गणपतीची स्थापना झाली. तळ्याच्या काठी हिराबाग होती. पर्वतीवर श्रीदेवदेवेश्वर, पायथ्याशी पाणी, पाण्यापलीकडे फुलझाडे आणि त्या पलीकडे श्रावणमासात दक्षिणेसाठी विद्वानांची रीघ लागे तो रमणा, असा तो सारा परिसर राजवैभवाचाच एक महाल होता. येथे माळी मुशाहिऱ्यावर राबत, देवाची आणि वाड्याची फुले बिनचूक पोहोचवीत. फुले मागणाऱ्याशी त्यांचा संबंध हुकूम आणि तामिली एवढाच असे. गाऱ्हाणे सांगायचे तर ते कारभाऱ्याच्या कानावर घालावे आणि त्याची मर्जी होईपर्यंत स्वस्थ बसावे, यापलीकडे मार्ग नव्हता.

१८१८ साली पेशवाई बुडाली, परंतु पर्वतीचे संस्थान आणि त्याची नेमणूक नव्या सरकारने चालू ठेवली. अर्ध्या शतकानंतर त्या संस्थानाच्या व्यवस्थेविषयी शहरात असंतोष माजला. देवस्थानाचा पैसा, त्याचा हिशेब आणि पंचांचा कारभार यांविषयी घरोघर कुरबुर सुरू झाली. अशा कुरबुरी त्यापूर्वीही झाल्या होत्या आणि विरूनही गेल्या होत्या. या वेळी मात्र गणेश वासुदेव जोशी नावाच्या वकिलाने तिला कायद्याचे रूप देण्याचे मनावर घेतले. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि जोशांना लोक कायमचे ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. सभेचा एक नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारनामे आणले पाहिजेत, असा तो नियम होता. आणि आरंभी जे पंच्याण्णव सभासद झाले ते अशा रीतीने सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यार होते. देवळाच्या हिशेबावरून निघालेले गाऱ्हाणे अशा प्रकारे मुखत्यारनाम्यावर येऊन बसले, आणि पाहता पाहता जमिनीचा सारा, दुष्काळ आणि कायदेकौन्सिले हे विषय त्याच सभेपुढे अर्जाच्या रूपाने येऊ लागले.

हे झाले पांढरपेशा पुण्याविषयी. शहराच्या सीमेवर आणि पुरंदरच्या पायथ्याशी सासवडकडे जे मळे पसरले होते, तेथील माणसे कोणत्याही सभेचा नियम वाचल्यावाचून सामाईक कारभाराचे शिक्षण पिढ्यान्पिढ्या घेत आली होती. बागाईत म्हणजे विहीर. आणि विहीर म्हणजे बहुधा चार भाऊबंदांचे हिस्से. बैलजोडी धावेवरून उतरू लागली की नाडा ताणतो, चाक करकरू लागते, चामड्याची मोट काठोकाठ भरून वर येते आणि सोंदुराने ओढलेली तिची सोंड थारोळ्यात मोकळी होते. तेथून पाटाने गेलेले पाणी दारे धरणारा माणूस एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवितो, पायाने आणि फावड्याने चिखल सारून एक तोंड बुजवितो व दुसरे फोडतो. हे काम दिवसभर चालते, आणि उद्या त्याच विहिरीवर दुसऱ्या हिस्सेदाराची मोट लागते. पाळी चुकली, पाटाचे पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या मेथीत गेले, उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला, की भांडण ठरलेले. परंतु ते भांडण कितीही विकोपाला गेले तरी दुसऱ्या दिवशीची पाळी मोडून चालत नसे, कारण तीच मोडली तर दोघांचीही वांगी वाळत. माळ्याच्या बोलण्यातील परखडपणा आणि त्याच्या व्यवहारातील सबुरी या दोहोंचे मूळ मला त्या थारोळ्यापाशी दिसते. सासवडचे हेच माळी पुढे नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागल्यावर पाण्यामागोमाग खाली उतरले, उसाच्या बागाईतीत शिरले, आणि १९३२ साली अकलूजजवळ माळीनगर येथे स्वतःच्या भांडवलावर साखर कारखाना उभारण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

जोतीराव फुले या जगातून आले. त्यांचे मूळ कुल साताऱ्याकडील कटगुणचे गोऱ्हे यांचे. तेथून ते घराणे पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले आणि पुण्यास स्थिरावल्यावर आजोबा शेटिबा यांच्या मुलांनी फुलांचा धंदा करून पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविली, त्यावरून फुले हे नाव पडले. वडील गोविंदरावांचे भाजीचे दुकान होते. जोतीरावांनी स्वतः मांजरीस जमीन करून बागाईत केली, आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामास सामान पुरविण्याचे कंत्राटही घेतले. त्यामुळे कालव्याचे पाणी कोठून निघते, ते कोणाच्या मर्जीने सुटते आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येईतो त्याचे काय होते, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले होते. १८८३ साली त्यांनी पुरा केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ म्हणूनच इतर राजकीय अर्जांहून वेगळा वाटतो. त्यात पाटबंधारे खात्याविषयीची तक्रार मोघम नाही: पाणीपट्टी भरमसाट घेतली जाते आणि पिकाला हवे तेव्हा पाणी मिळत नाही, असे सांगून लेखक तेवढ्यावर थांबत नाही, प्रत्येकाच्या जमिनीच्या मानाने पाण्याची तोटी करून द्यावी, शिपायांना आणि पोलिसांना फावल्या वेळी ताली व बंधारे घालण्याच्या कामास लावावे, असे उपायही तो सांगतो. दारे धरणाऱ्या माणसाची नजर त्या पानापानात आहे. ‘दीनबंधू’ पत्रात त्याची पहिली दोन प्रकरणे छापून आली आणि पुढची थांबली, इतके ते लेखन त्या काळी जाळणारे होते.

या दोन पुण्यांची गाठ पडली ती हिराबागेच्या निमित्ताने. ११ मे १८७८ रोजी लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा हिराबागेत भरली. ज्या बागेत एके काळी फक्त वाड्यातली माणसे जलविहारास येत, तेथे आता लेखणी धरणारे लोक मराठी ग्रंथांच्या भवितव्याचा विचार करण्यास जमले. सात वर्षांनी, १८८५ साली, दुसरी सभा पुण्यासच भरली तेव्हा रानड्यांनी जोतीरावांना निमंत्रण पाठविले आणि जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. जे लोक सर्व माणसांना माणुसकीचे हक्क द्यावयास तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. या नकारात आजही मला कटुतेपेक्षा हिशेबीपणा अधिक दिसतो. सहा हजार सह्यांच्या मुखत्यारनाम्यात मळ्यातल्या माणसाची सही किती होती, असा तो प्रश्न होता, आणि सार्वजनिक सभेपाशी त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

तथापि हा विरोध म्हणजे अबोला नव्हता, हेही तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. १८७५ साली स्वामी दयानंद पुण्यास आले आणि त्यांच्या मिरवणुकीवर दंगा होण्याचे चिन्ह दिसू लागले, तेव्हा रानड्यांच्या बरोबरीने जोतीराव आपली माणसे घेऊन त्या मिरवणुकीत चालले. १८७६-७७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभा खेड्यापाड्यांची माहिती जमवून सरकारला लिहीत होती, आणि त्याच वेळी जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाची मंडळी धनकवडीस बालाश्रम काढून उपाशी मुलांना भाकरी घालीत होती. दोघांचे गाऱ्हाणे एका सरकारपाशी होते. फक्त ते कोणाच्या वतीने मांडायचे, याविषयी मतभेद होता.

तो मतभेद शेवटी येऊन ठेपला भाजीबाजारात. शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरणारी मंडई नव्या इमारतीत न्यावी असे नगरपालिकेने ठरविले, तेव्हा जोतीराव तिचे नेमलेले सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला असता त्याविरुद्ध एकट्याने मत देणाऱ्या या माणसाने मंडईच्या लाखोंच्या खर्चासही विरोध केला. भाजी विकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर नको म्हणून हा विरोध नव्हता, त्याच्या मुलाला आधी शाळा हवी म्हणून होता. ठराव संमत झाला. वासुदेव बापूजी कानिटकरांनी अष्टकोनी मनोरा आणि आठ दिशांना आठ बाजू असलेली देखणी वास्तू बांधली, आणि गव्हर्नरच्या नावाने ती रे मार्केट म्हणून १८८६ साली उघडली.

मळ्यातली भाजी आणि शहरातली चर्चा एका छपराखाली आल्यावर जे व्हायचे तेच झाले. पहाटे पुरंदरकडून आणि हडपसर-मांजरीकडून माल उतरायचा, दुपारी गाळे थंड व्हायचे, आणि सायंकाळी त्याच परिसरात राजकारणाची सभा भरायची. पुणेकर त्यास ‘मंडई विद्यापीठ’ म्हणू लागले. १९२४ साली मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला, मोतीलाल नेहरूंनी त्याचे अनावरण केले. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी जोतीरावांचाही पुतळा उभारावा असा ठराव नगरपालिकेत आणला, तो फेटाळला गेला, आणि त्यावरून शहरात असे रण माजले की दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवर फिर्याद झाली व आरोपींचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. त्या वादात दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे वाचवत नाही. माल मात्र रोज येत राहिला, आणि विकणारा व घेणारा यांपैकी कोणीही मंडई सोडून गेला नाही.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाअखेर, आचार्य अत्रे नगरपालिकेच्या कारभारात असताना, रे साहेबांचे नाव पुसून त्या वास्तूला महात्मा फुले मंडई हे नाव देण्यात आले. मंडईच्या खर्चास ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव तिला, आणि आवारात पुतळा टिळकांचा, ही स्थिती कोणाही एका पक्षाच्या मनाजोगती नव्हती. तरी ती दोन्ही पक्षांनी पत्करली. नामांतर घडवून आणणारे अत्रे स्वतः सासवडचे.