रूळ, धरण आणि वीट : शहापूर-मुरबाडच्या वस्तीचा इतिहास

२०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,२१४ चौरस किलोमीटर उरले. त्यातील निम्म्याहून अधिक भूमी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या उरलेल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८० लाख होती. त्यांपैकी शहापुरात सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडात १ लाख ९० हजार लोक राहत होते. जिल्ह्याची सरासरी घनता चौरस किलोमीटरला १,९०० च्या घरात, तर या दोन तालुक्यांची प्रत्येकी २०० च्या आसपास.

सह्याद्रीचा डोंगराळ मुलूख, म्हणून वस्ती विरळ, असे उत्तर सहज सुचते आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु या आकड्यांत एक कोडे उरते. शहापूर तालुक्यातून दीडशेहून अधिक वर्षे रेल्वे धावते आहे. मुरबाडला रेल्वे नाही. रेल्वेमुळे वस्ती दाटते हा सर्वमान्य समज. मग दोन्ही तालुक्यांची घनता जवळपास सारखी कशी?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. प्राचीन काळी राजमार्गावर होते ते मुरबाड. कल्याण बंदरातून निघालेला माल वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटातील सातवाहनकालीन शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण या वाटेचे वैभव आजही सांगतात. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, आणि पुढे रेल्वेनेही देशावर चढण्यासाठी बोरघाट व थळघाट हेच दोन घाट निवडले. नाणेघाट मागे पडला. मुरबाडचे डोंगर, नद्या, माती यांत काहीच बदलले नव्हते. तरीही हमरस्त्यावरचा मुलूख आडवाटेला गेला. भूगोल तोच राहून स्थान बदलते, ते असे.

लोहमार्ग १८५५ मध्ये वाशिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचला आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला गेला. कसारा हे रेल्वेचे गाव झाले ते घाटाच्या चढामुळे. गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने येथे जोडावी लागत. शहापूर हे तालुक्याचे ठाणे मात्र रुळांपासून थोडे अलग राहिले आणि आसनगाव त्याचे स्थानक बनले. मुंबई, ठाणे, कल्याण येथील घरे आवाक्याबाहेर गेल्यावर नोकरदार कुटुंबे वाशिंद-आसनगावपर्यंत सरकली. येथे घर घेणारा माणूस मुंबईचे अंतर किलोमीटरांत मोजत नाही. पहाटेची लोकल किती वाजता आणि रात्रीची शेवटची कोणती, यावर त्याचा हिशेब चालतो. म्हणून स्थानकालगत इमारती दाटतात आणि दोन कोस आत गेले की पाडे पूर्वीसारखेच विखुरलेले दिसतात.

रुळांनी अशी माणसे गोळा केली, तर धरणांनी ती पांगवली. तानसा (१८९२), वैतरणेवरचा मोडकसागर (१९५७) आणि त्यानंतरचे भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच परिसरात आहेत. एकट्या भातशातून मुंबईचे सुमारे निम्मे पाणी जाते. जलाशयांनी व्यापलेली भूमी आणि पाणलोटाचे राखीव जंगल येथे वस्ती वाढणे शक्य नव्हते. शहापूरच्या सरासरीचे कोडे येथे सुटते. एकाच तालुक्यात एक बांधकाम माणसांना ओढते, दुसरे त्यांना दूर ठेवते, आणि बेरीज मुरबाडइतकीच भरते. सरासरी खरी असते, पण त्या सरासरीत कोणीच राहत नसते. मुरबाडही यातून सुटले नाही. औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाची उंची वाढवल्यावर तोंडली, मोहघर यांसारखी गावे बुडिताखाली आली. आणि धरणांचा तालुका म्हणवणाऱ्या शहापुरातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

वस्तीच्या या इतिहासात आणखी एक बांधकाम आहे, ते म्हणजे खुद्द शहराच्या भिंती. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाडीतल्या त्यांच्या घराखालची जमीन पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर असते. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, म्हणजे भट्ट्यांच्या ऐन हंगामात. या माणसांना कोणत्या गावचे म्हणायचे? भट्टीवर त्यांची झोपडी हंगामापुरती. वाडीवर घर आहे, पण आठ महिने कुलूपबंद. ज्यांच्या विटांनी शहराची घनता वाढते त्यांचाच पत्ता अस्थिर असावा, हे लोकसंख्येच्या कोणत्याही नकाशात उमटत नाही.

आपल्या साहित्यात गावकूस हा शब्द आत कोण आणि बाहेर कोण हे सांगण्यासाठी आला. महानगराला असे दिसणारे कूस नाही. त्याची वेस जलवाहिन्या, रूळ आणि रस्ते यांनी आखली जाते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो, आणि त्यावर चढता-उतरता येते ते ठरावीक ठिकाणीच. आजवरचा अनुभव पाहता, त्या ठिकाणांभोवती जमिनीचे भाव आणि वस्ती वाढेल. ज्या पाड्यांवरून रस्ता नुसताच जातो, तेथे त्याचा आवाज तेवढा पोहोचेल. नाणेघाटाच्या रांजणापाशी वाटसरूला थांबावे लागे आणि त्या थांबण्यावर वाटेवरची गावे जगत. नवी वाट कोणासाठी थांबणार, हे ठरवताना या दोन तालुक्यांतल्या माणसांना कोणी विचारले होते काय?