सागरातील फुलपाखरे

गोगलगाय म्हटली की पाठीवर शंख घेऊन ओल्या मातीवरून संथपणे सरकणारा जीव डोळ्यांसमोर येतो. लिमॅसिनिडी कुळातील सागरी गोगलगायी मात्र तळावर सरपटत नाहीत. खुल्या समुद्रात त्या आयुष्यभर पोहत राहतात. त्यांच्या पायाचे रूपांतर पंखांसारख्या दोन पातळ पाळ्यांत झालेले असते. म्हणूनच त्यांना 'समुद्री फुलपाखरे' म्हणतात. पोहताना या पंखांची टोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरतात, कीटकांच्या पंखांप्रमाणेच, असे अमेरिकी संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले.

या कुळातील सर्वपरिचित जाती म्हणजे उत्तर ध्रुवीय समुद्रातील 'लिमॅसिना हेलिसिना'. ब्रिटिश दर्यावर्दी कॉन्स्टंटाइन फिप्स यांनी १७७३ च्या ध्रुवीय सफरीनंतर, १७७४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आकार अवघा काही मिलिमीटर, शंख पातळ आणि पारदर्शक. बहुतेक गोगलगायींच्या शंखाची वेटोळी उजवीकडे वळतात, हिची डावीकडे. चिकट स्रावाचे, शरीराहून कितीतरी मोठे जाळे पसरून ती सूक्ष्म प्लवक पकडते. प्रत्येक जीव आधी नर असतो आणि पुढे मादी होतो. 'सागरी देवदूत' म्हणून ओळखली जाणारी बिनशंखाची क्लायोनी ही तिची कट्टर वैरी. उत्तर पॅसिफिकमधील गुलाबी सामन माशांची पिल्लेही तिच्यावर पोसतात.

या नाजूक शंखावर आता संकट आले आहे. शंख ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या सहज विरघळणाऱ्या प्रकाराचा बनलेला असतो. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो आणि पाण्याची आम्लता वाढते. औद्योगिक क्रांतीनंतर सागरपृष्ठाचा सामू सुमारे ०.१ ने घटला आहे. हा आकडा किरकोळ वाटला, तरी त्याचा अर्थ आम्लता पाव हिश्श्याहून अधिक वाढली असा होतो. थंड पाण्यात हा वायू अधिक विरघळत असल्याने ध्रुवीय समुद्रांना त्याची झळ आधी पोहोचते. अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात २००८ मध्ये पकडलेल्या जिवंत समुद्री फुलपाखरांचे शंख झिजल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले.

हे जीव अगदीच असहाय नाहीत. शंखावरील सेंद्रिय आवरण त्यांचे काही प्रमाणात रक्षण करते आणि इजा झालेल्या जागी ते आतून नवा थर चढवतात. मात्र आम्लता अशीच वाढत राहिली, तर ही डागडुजी कुठवर पुरेल, हा प्रश्न त्यांच्यापुरताच नाही. त्यांच्यावर जगणाऱ्या माशांचाही आहे.