खांब कोणी वाहिले?

दौलताबादच्या जामा मशिदीत मी दरवर्षी विद्यार्थ्यांना नेतो. 1318 साली कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने ती बांधवली. आतले 106 खांब जुन्या देवळांचे. नक्षी पाहिली की वेगळे सांगावे लागत नाही. देवळे कोणी पाडली यावर आपल्याकडे रकानेच्या रकाने भरले गेले, सभा गाजल्या. पण एकेक खांब न मोडता उतरवायचा, वाहून न्यायचा, पुन्हा ओळंब्यात उभा करायचा, हे काम काही सुलतानाने केले नव्हते. ते करणाऱ्यांची जात कोणती, मजुरी काय, याविषयी प्रस्थापित इतिहास मुका आहे. देवळाच्या पायरीला शिवू न दिलेली माणसे त्याचे खांब उचलायला तेवढी चालली असतील काय?

सारनाथची कथा याच जातीची. 1794 साली काशीच्या जगतसिंगाच्या माणसांनी धर्मराजिक स्तूपाच्या विटा जगतगंजच्या बांधकामासाठी उपसून नेल्या. जगतसिंगाचे नाव वस्तीलाही राहिले. ‘माणसे’ मात्र माणसेच राहिली.

हा प्रश्न मला माझ्या बापाने दिला. 2011 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जुन्या शहरातले रस्ते रुंद करायला घरे पाडली गेली. बाप पाडकामावर होता. सागाच्या तुळया, चौकटी, कोरीव दारे ठेकेदाराने आधीच मोजून बाजूला काढली. त्यांना गिऱ्हाईक तयार होते. अख्ख्या विटांचा चुना खरवडून त्यांच्या थप्प्या लावल्या, त्याही विकल्या. चुन्याने बापाची बोटे फुटली, रात्री भाकरी मोडता येईना. उरले अद्धे. ते मजुरीतून पैसे कापून ठेकेदाराने मजुरांच्या गळ्यात मारले. आमच्या घराची मागची भिंत त्याच अद्ध्यांची आहे. तिला टेकून मी एम. ए. केले. आई म्हणे, भिंत तेवढी वाड्याची झाली बघ!

गेल्या वर्षी काही विद्यार्थी घरी आले. एकाने भिंतीवरचा चुना नखाने खरडत विचारले, “सर, ही वीट कुठली?” मला सांगता येईना. बापाने आतून सांगितले: कोणत्या गल्लीतला वाडा, कोणत्या बाजूची भिंत, तुळई उतरवताना कोणाचा पाय चेंगरला. मी वही काढली. बापाबरोबर कामावर असलेल्यांची नावे, गावे आणि रोज लिहून घेतला. चौदा नावे झाली. त्यांतले तिघे आता नाहीत.