इयत्ता म्हणजे किती?

जूनचा दुसरा पंधरवडा. पहिला पाऊस झालेला असतो, वर्गात नव्या पुस्तकांचा वास असतो. दुसरीतली मुले आता तिसरीच्या वर्गात येऊन बसतात. बाहेर व्हरांड्यात काही पालक थांबलेले असतात. त्यांचे प्रश्न दरवर्षी साधारण सारखेच असतात. "गुरुजी, आता अभ्यास वाढणार का?" "आमच्या मुलीला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, तिसरी झेपेल ना?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तिसरी झेपेल का, असे विचारताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. 'तिसरी' नावाची एक ठरलेली उंची आहे आणि आठ वर्षांच्या प्रत्येक मुलाने जूनमध्ये तिथे पोचलेले असले पाहिजे, ही ती गोष्ट. ही उंची कोणी ठरवली? केव्हा? आणि कशासाठी? या प्रश्नांचे उत्तर शोधायला आपल्याला दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

इयत्ता नसलेली शाळा

पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. जून नव्हता आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. चांगला दिवस पाहून मुलाला शाळेत घालत. धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवण्यापासून सुरुवात होई. मग मुळाक्षरे, बाराखड्या, अंक, पाढे, त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि मोडी वाचन-लेखन. ज्याचे जेवढे झाले असेल त्याच्या पुढचे त्याला मिळे. एकाच ओसरीवर एक मुलगा बाराखडी घोकत असे आणि शेजारचा व्याजाचे हिशेब करत असे. थोरली मुले धाकट्यांना शिकवत. 'तू कितवीत?' हा प्रश्न तिथे कोणाला सुचलाच नसता. 'कुठवर आलास?' असे विचारत.

या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. घोकंपट्टी आणि छडी या तिच्या दोन मुख्य पद्धती होत्या. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तिचे दार बंद होते. ते उघडण्यासाठी १८४८ मध्ये पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांना वेगळीच वाट पाडावी लागली. पण एक गोष्ट लक्षात ठेवू. मूल कुठे आहे ते पाहून पुढचे शिकवायचे, ही रीत तिथे होती.

तिसरीचा जन्म

आता इंग्लंडकडे वळू. तिथे सरकार धर्मसंस्थांनी चालवलेल्या शाळांना अनुदान देत असे. ही रक्कम वर्षागणिक वाढत होती आणि त्या पैशाच्या बदल्यात मुले खरोखर काय शिकतात, असा प्रश्न विचारला जात होता. न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर शिक्षणखात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांनी नवी नियमावली आणली. तिचे सूत्र सोपे होते : निकाल दाखवा, पैसे घ्या.

लो यांच्या पहिल्या मसुद्यात मुलांचे गट वयानुसार पाडलेले होते. त्यावर मोठी ओरड झाली. गरिबांची मुले उशिरा शाळेत येतात, मध्येच कामाला जातात. त्यांना वयाने कसे मोजणार? आक्षेप बरोबर होता. १८६२ च्या सुधारित नियमावलीत वय गेले आणि त्या जागी सहा पायऱ्या आल्या. त्यांना नाव दिले 'स्टँडर्ड'.

यातील तिसऱ्या स्टँडर्डची अपेक्षा अशी होती. वाचन : शाळेतल्याच वाचनपुस्तकातला एक छोटा परिच्छेद. लेखन : त्याच परिच्छेदातले एक वाक्य एकदा सावकाश वाचून दाखवायचे, मग एकेक शब्द सांगायचा, तो मुलाने लिहायचा. गणित : बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा लहान भागाकार यांपैकी एक उदाहरण. बस्स! जगातली ही बहुधा सर्वांत नेमकी 'तिसरी' असेल.

आता हिशेब पाहा. सरासरी हजेरीमागे शाळेला ४ शिलिंग मिळत. शिवाय वर्षात २०० पेक्षा जास्त वेळा (सकाळ-दुपार वेगळी मोजून) हजर राहिलेल्या प्रत्येक मुलामागे ८ शिलिंग. पण साहेबांसमोर मूल वाचनात, लेखनात किंवा गणितात नापास झाले, की दर विषयाला २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. शिलिंगचे १२ पेन्स, म्हणजे ८ शिलिंगचे ९६. त्याला तिनाने भागले की ३२ पेन्स. आपल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर घालावे. तिन्ही विषयांत नापास झालेल्या मुलाचे ८ शिलिंग पूर्ण बुडत, आणि त्याची झळ पुष्कळदा शिक्षकाच्या पगारालाच लागे.

त्यात आणखी एक नियम होता. एकदा एका स्टँडर्डला बसवलेले मूल पुढच्या वर्षी त्याच किंवा खालच्या स्टँडर्डला बसवता येत नसे. त्यामुळे त्याला येवो न येवो, वरच्या पायरीवर ढकलणे भाग पडे. 'दरवर्षी एक पायरी' या कल्पनेला असे पक्के रूप मिळाले. त्यामागे बालमानसशास्त्र नव्हते, जमाखर्च होता.

परिणाम

अनुदानाची रक्कम खरोखर घटली. ती सुमारे ८ लाख १३ हजार पौंडांवरून १८६५ पर्यंत सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आली. आणि वर्गात काय झाले? परिच्छेद ठरलेल्या पुस्तकातलाच येणार, मग पुस्तकच पाठ करून घेतले तर? शिक्षकांनी तेच केले. मुले घडाघडा 'वाचू' लागली. दुसरे पुस्तक हाती दिले की अडायची. ज्याला पैसे नाहीत ते मागे पडले. भूगोल, इतिहास, निसर्गपाठ यांचा वेळ आटला. ओरड झाल्यावर १८६७ मध्ये अशा विषयांसाठी थोडे जादा अनुदान द्यावे लागले.

याविरुद्ध ठामपणे लिहिणाऱ्यांत एक शाळातपासनीसच होते : कवी मॅथ्यू आर्नल्ड. मुलांना खरोखर वाचता, लिहिता, मोजता न येताही त्यांना या परीक्षेतून पार पाडता येते, असे त्यांनी १८६७ च्या आपल्या सरकारी अहवालात सांगितले. तरी ही पद्धत पूर्ण बंद व्हायला १८९० चे दशक उजाडावे लागले.

समुद्र ओलांडून

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले. १८६० च्या दशकात निकालावर अनुदान देण्याची पद्धत इथेही आली. १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी तिचीच शिफारस केली. त्याच आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी निवेदन दिले होते आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली होती. मागणी बाजूला राहिली, मोजमाप मात्र घट्ट झाले. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवून, मुलांना तेल लावून बसवण्याचे दिवस ते हेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कर्झनच्या काळात, ही अनुदानपद्धत सोडून देण्यात आली.

पद्धत गेली, शब्द राहिला. मुंबईतली मुले आजही 'थर्ड स्टँडर्ड' म्हणतात. मराठीत आपण 'इयत्ता' म्हणतो. संस्कृतात 'इयत्' म्हणजे एवढे. इयत्ता म्हणजे एवढेपणा, परिमाण. 'स्टँडर्ड' म्हणजेही मोजायचे माप. दोन्ही शब्द सांगतात ते एकच : मूल 'किती' झाले.

आजची तिसरी

आज तिसरीचे महत्त्व पुन्हा वाढले आहे. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून ते वाचून शिकेल, असे आपण धरून चालतो. परिसर अभ्यास येतो, गणितात शाब्दिक उदाहरणे वाढतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पायाभूत टप्पा दुसरीला संपतो व नवा टप्पा तिसरीला सुरू होतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असे ध्येय ठेवले.

वस्तुस्थिती काय आहे? 'असर' च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे २७ टक्के होती. म्हणजे आपल्या वर्गातल्या चार मुलांपैकी साधारण तीन जण पुस्तकाच्या मागे असू शकतात. व्हरांड्यातल्या त्या आईची मुलगी एकटी नाही.

यावर एक उपाय करून पाहिला गेला आहे, तोही आपल्या जवळच. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई आणि वडोदरा इथल्या शाळांमध्ये 'प्रथम' या संस्थेने तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवले. त्यांना वस्तीतलीच एक ताई, म्हणजे बालसखी, शिकवी. जिथवर मूल आले आहे तिथून पुढे, एवढाच नियम होता. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा काटेकोर अभ्यास केला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्यांची अधिक. पुढे मुलांचे गट इयत्तेने न पाडता पातळीने पाडण्याची पद्धत यातून रुजली.

'कुठवर आलास?' हा जुना प्रश्न परत आला म्हणायचा! फरक एवढाच, की आता दार सर्वांना उघडे आहे आणि हातात छडी नाही.

तेव्हा शाळेच्या पहिल्या आठवड्यात पाठ एक उघडण्याची घाई न करता एक करून पाहावे. प्रत्येक मुलाला जवळ बसवून त्याने पूर्वी न पाहिलेला चार ओळींचा मजकूर वाचायला द्यावा. ठरलेल्या पुस्तकातला नको; ती चूक १८६२ मध्ये करून झाली आहे. गुण देऊ नयेत. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद यांपैकी मूल कुठे थांबते, एवढेच वहीत टिपावे आणि रोजचा थोडा वेळ त्या गटांसाठी राखावा. पालकांनाही हीच टिपणे दाखवावीत. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा एसटीची पाटी, दुकानाचा फलक, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरे मुलीबरोबर रोज वाचा, असे सांगावे.

आणि "तिसरी झेपेल ना?" असे त्या आईने विचारले, तर सांगावे, की मुलीने तिसरीला झेपायचे नाही, तिसरीने मुलीला झेपले पाहिजे. ते काम आपले आहे.